पोचेचा रकाना

अप्पा गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडायला आम्हां दोघांना जवळजवळ वर्ष लागले. अप्पा म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. त्यांची सगळी नोकरी रेल्वे डाक सेवेत झाली. लोक तिला 'आरेमेस' म्हणत. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या डाकेच्या डब्यात उभ्याने टपाल लावायचे, गावोगावच्या खणांत पत्रे फेकायची, गठ्ठे बांधायचे, थैल्यांची तोंडे शिवून त्यांवर लाखेची मोहोर करायची आणि पहाटे कुठल्यातरी जंक्शनला उतरून विश्रांतिगृहातल्या खाटेवर अंग टाकायचे, असा तो जन्म होता. कागद हाताळून हाताळून त्यांच्या अंगठ्याची कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ती आम्हांला त्यांच्या चेहऱ्याइतकीच आठवते.

ट्रंकेत काय असेल याची कल्पना होती. तिकिटे जमवणारी माणसे पुष्कळ असतात. अप्पा शिक्के जमवीत. तिकीट सरकारचे असते, शिक्का त्या पत्राचा असतो, असे ते म्हणत. एकाच रंगाची, एकाच किमतीची लाखो तिकिटे निघतात. त्यांतल्या एकावर अमुक गावी, अमुक तारखेला कोणीतरी हातातला ठसा आपटतो, तेव्हा ते एकमेव होते. रद्दीवाल्यांकडून, ओळखीच्या पेढ्यांच्या जुन्या दप्तरांतून, मुंबईला गेले की फोर्टातल्या पदपथावरच्या विक्रेत्यांकडून त्यांनी पाकिटे गोळा केली होती आणि प्रत्येकाची नोंद एका लांबट वहीत केली होती. वहीत पाच रकाने होते. अनुक्रम, कोठून, रवाना, कोठे आणि शेवटचा रकाना 'पोच'. आपल्याकडे पत्र निघाल्याचा शिक्का तोंडावर आणि पोचल्याचा शिक्का पाठीवर मारण्याची रीत दीर्घकाळ होती. त्यामुळे अप्पांच्या वहीतला शेवटचा रकाना बहुधा भरलेला असे. हैदराबादहून निघालेले पत्र औरंगाबादेस तिसऱ्या दिवशी, बेळगावचे रत्नागिरीस चौथ्या दिवशी, अशी ती वही म्हणजे माणसांच्या निरोपांचे वेळापत्रक होते.

त्या वहीत एके ठिकाणी 'कोठून' या रकान्यात गावाऐवजी 'बोट' असा शब्द लिहिलेला आढळला. पुढे तारीख होती, ३१ मे १९३४. 'पोच' या रकान्यात आडवी रेघ. ट्रंक उपसून आम्ही ते पाकीट शोधले. अमेरिकेचे तिकीट, त्यावर काळ्या शाईचा स्वच्छ गोल शिक्का आणि शिक्क्याच्या कडेने गावाचे नाव असावे तेथे एका युद्धनौकेचे नाव: 'यू. एस. एस. इंडियानापोलिस'. गोलाला लागून आडव्या जाड रेघा होत्या आणि त्या रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत 'न्यूयॉर्क' असे शब्द होते. पाठीवर कोणताही शिक्का नव्हता. अमेरिकेत साध्या टपालाच्या पाठीवर पोचेचा शिक्का मारण्याची पद्धत तोवर बंद झाली होती, म्हणून रकान्यात रेघ.

अप्पांनी ते पाकीट कोठून मिळवले ते वहीत नाही. त्या जहाजाचे पुढे काय झाले हे त्यांना माहीत होते की नाही, हेही आता विचारता येत नाही. आम्ही दोघे मराठी शिकवणारी माणसे. युद्धनौकांशी आमचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पण त्या आडव्या रेघेने आम्हांला वाचायला लावले.

अमेरिकेच्या नौदलातील जहाजांवर टपालकचेऱ्या उघडण्याची परवानगी तेथील काँग्रेसने १९०८ साली दिली. तेव्हापासून मोठ्या जहाजावर एखादा खलाशी टपाल-कारकून नेमला जाऊ लागला आणि त्याच्या हाती जहाजाच्या नावाचा शिक्का आला. एरवी टपालकचेरी गावाला खिळलेली असते. येथे ती स्वतःच प्रवास करू लागली. म्हणूनच त्या आडव्या रेघांमधल्या जागेचे महत्त्व. जहाज ज्या बंदरात असेल त्या बंदराचे नाव तेथे सुटी अक्षरे जुळवून बसवता येई. गोलात 'कोण', मधोमध 'केव्हा' आणि रेघांत 'कोठे', असे एक पूर्ण वाक्यच त्या शिक्क्यात मावत असे. अशा शिक्क्यांच्या नादी लागलेल्यांची एक संस्था अमेरिकेत १९३२ साली स्थापन झाली. डॉ. फ्रान्सिस लोसी या संग्राहकाने या शिक्क्यांचे आकार, रेघा आणि अक्षरांची मांडणी पाहून जे वर्गीकरण केले, तेच संग्राहक आजही वापरतात. आपल्याकडे हस्तलिखितांच्या प्रती वळणावरून आणि शाईवरून लावतात, तशीच ही चिकाटी.

इंडियानापोलिस हे नाव समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका शहराचे. त्या नावाची ही क्रूझर ७ नोव्हेंबर १९३१ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे पाण्यात उतरली आणि १५ नोव्हेंबर १९३२ रोजी नौदलात दाखल झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हे आवडते जहाज. ३१ मे १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या समुद्रात अमेरिकेच्या आरमाराचे संचलन झाले, त्याची पाहणी अध्यक्षांनी याच जहाजावरून केली. अप्पांच्या पाकिटावरची तारीख तीच. १९३६ च्या नोव्हेंबरात रूझवेल्ट याच जहाजाने दक्षिण अमेरिकेस गेले आणि ब्यूनॉस आयर्सच्या परिषदेत बोलले. रूझवेल्ट स्वतः तिकिटांचे नामांकित संग्राहक होते, हा योगायोग अप्पांना कळला असता तर त्यांना आवडला असता. त्या वर्षांत जगभरचे हौशी लोक जहाजाच्या टपाल-कारकुनाला स्वतःचा पत्ता लिहिलेली पाकिटे पाठवत आणि तो ती शिक्का मारून परत करी. पत्रात मजकूर नाही, निरोप नाही. 'मी येथे होतो' एवढेच सांगणारा तो टपालव्यवहार होता.

मग ७ डिसेंबर १९४१ उजाडला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा इंडियानापोलिस तेथे नव्हती. जॉन्स्टन बेटाजवळ सरावात होती, म्हणून वाचली. पण तिच्या शिक्क्यातले नाव त्या हल्ल्यानंतर टिकले नाही. शत्रूला जहाजाचा ठावठिकाणा कळू नये म्हणून शिक्क्यांतून जहाजांची नावे काढली गेली. गोलात 'यू. एस. नेव्ही' एवढेच उरले, रेघांच्या मधली जागा रिकामी झाली. पाकिटावर नौदलाच्या तपासनिसाचा वेगळा ठसा आणि त्याच्या नावाची आद्याक्षरे उमटू लागली. खलाशांना टपाल फुकट झाले. तिकिटाच्या जागी ते हाताने तसे लिहीत. घरच्यांनी पत्र पाठवायचे ते जहाजाच्या नावे, द्वारा फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को. बाराशे माणसांचे एक तरंगते गाव टपालाच्या नकाशावरून पुसले गेले. हे करणे आवश्यक होते यात शंका नाही. कोणत्याही युद्धात नावे झाकावी लागतात.

१९४५ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ओकिनावाजवळ एका जपानी आत्मघातकी विमानाने या जहाजाला धडक दिली. नऊ खलाशी मेले. जहाज दुरुस्तीसाठी कॅलिफोर्नियास परतले. १६ जुलै १९४५ रोजी, ज्या दिवशी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला त्याच दिवशी, ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. त्यावर काही पेट्या होत्या. त्यांत काय आहे हे कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांनाही सांगितलेले नव्हते. हिरोशिमावर पुढे टाकल्या गेलेल्या बाँबचे भाग आणि त्याच्या युरेनियमचा मोठा हिस्सा त्यांत होता. या सामानावर रात्रंदिवस पहारा होता. २६ जुलैला ते टिनियन बेटावर ठरल्याप्रमाणे पोचते झाले. त्या शतकातली ती बहुधा सर्वांत काळजीपूर्वक पोचवलेली वस्तू असेल, आणि तिने काय केले हे आपण जाणतो.

सामान उतरल्यावर मात्र त्या जहाजाची काळजी संपली. गुआमहून २८ जुलैला ते फिलिपीन्समधल्या लेतेकडे निघाले. कप्तानाने सोबतीला संरक्षक जहाज मागितले होते. ते मिळाले नाही. याच मार्गावर चारच दिवसांपूर्वी जपानी पाणबुड्यांशी झालेल्या चकमकीत एक अमेरिकन जहाज बुडाले होते, ही माहितीही त्याला दिली गेली नाही. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात आय-५८ या पाणबुडीने सोडलेले दोन टॉर्पेडो जहाजावर आदळले. बारा मिनिटांत ते बुडाले. सुमारे तीनशे माणसे जहाजाबरोबर गेली आणि जवळजवळ नऊशे समुद्रात उरली.

३१ जुलैला सकाळी अकरा वाजता जहाज लेतेस येणे अपेक्षित होते. ते आले नाही आणि कोणाच्याही लक्षात आले नाही. कचेऱ्यांतल्या फलकांवर जहाजांच्या हालचाली मांडलेल्या असत. ठरलेली वेळ टळून गेली तेव्हा जहाज पोचले असे गृहीत धरून त्याची खूण हलवण्यात आली. लढाऊ जहाजांचे आगमन कळवू नये, असा आदेश होता. न आल्यास काय करावे हे त्यात लिहिलेले नव्हते. तेव्हा न आल्याचेही कळवायचे नाही, असा अर्थ लावला गेला. जहाज ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरावाला जाणार होते, त्याच्याकडे गेलेला संदेश नीट उलगडला गेला नाही, म्हणून तो वाट पाहत नव्हता. ज्याला जहाज येणार हे ठाऊक होते, त्याला ते कधी येणार हे ठाऊक नव्हते. यात कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपापला रकाना नियमानुसार भरला होता.

आम्ही हे वाचत होतो आणि मनात अप्पांच्या वहीतला शब्द होता. पोच. जुनी मराठी पत्रे वर्गात शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, पत्राच्या आरंभी आधीचे पत्र पावले, मजकूर कळला, असे लिहिणे हा केवळ शिष्टाचार नव्हता. स्वार नदीच्या पुरात अडकू शकतो, वाटेत लुटला जाऊ शकतो, अशा काळात पत्र पावल्याचे कळेपर्यंत पत्र पूर्णच होत नसे. 'पावणे' याच क्रियापदापासून पावती आली. आपला देवही पावतो, म्हणजे आपली हाक त्याच्यापर्यंत पोचल्याची पोच देतो. आणि पोच या शब्दाला मराठीत दुसराही एक अर्थ आहे. एखाद्याला पोच नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्याला समज नाही, दुसऱ्याच्या ठिकाणी स्वतःला ठेवून पाहण्याची कुवत नाही, असे आपल्याला म्हणायचे असते. निरोप मिळाल्याची खूण आणि माणसाची समज यांना एकच शब्द का असावा, याचा विचार आम्ही इतकी वर्षे शिकवूनही कधी केला नव्हता. व्युत्पत्तीचे जाणकार त्याचे उत्तर देतील. आम्हांला एवढेच दिसले की जो कोणाची तरी वाट पाहत असतो, त्यालाच न आलेला माणूस दिसतो.

पाण्यातल्या माणसांनी ऊन, तहान आणि शार्क मासे यांच्याशी जवळजवळ चार दिवस झुंज दिली. तहान सोसवेना तेव्हा काहींनी खारे पाणी प्यायले आणि ते भ्रमात गेले. २ ऑगस्टला सकाळी नेहमीच्या गस्तीवर असलेल्या एका विमानाचा वैमानिक, विल्बर ग्विन, विमानामागे लोंबणाऱ्या एरिअलच्या तारेत झालेला बिघाड पाहत होता. त्याची नजर खाली गेली आणि पाण्यावर तेलाचा पट्टा दिसला. पट्ट्याच्या मागोमाग जाता जाता माणसांची डोकी दिसली. त्यांना शोधायला कोणी निघालेले नव्हते. एक तार बिघडली म्हणून ती सापडली. एड्रियन मार्क्स या वैमानिकाने खवळलेल्या समुद्रात आपले सागरी विमान उतरवले आणि छप्पन्न जणांना त्यात आणि त्याच्या पंखांवर घेतले. शेवटी ३१६ माणसे वाचली. बुडाल्याची बातमी जाहीर झाली ती जपानच्या शरणागतीच्या जल्लोषात, ऑगस्टच्या मध्यावर.

जहाजावर किती जण होते याचा हिशेबही अनेक दशके चुकीचा राहिला. एकूण ११९६, वाचलेले ३१७, असे सर्वत्र छापले जाई. २०१८ साली नौदलाच्या इतिहासकारांनी कागद पुन्हा तपासले तेव्हा आकडे ११९५ आणि ३१६ असे ठरले. जहाज निघण्यापूर्वी उतरलेल्या एका खलाशाचे नाव यादीत तसेच राहून गेले होते. एका माणसाचा हिशेब जुळवायला ७३ वर्षे लागली.

नंतरची कथाही पत्रांचीच आहे. कप्तान मॅकव्हे वाचले. जहाज नागमोडी न चालवल्याबद्दल डिसेंबर १९४५ मध्ये त्यांच्यावर लष्करी खटला भरून त्यांना दोषी ठरवले गेले, आणि त्या खटल्यात साक्षीला आणले ते त्यांचे जहाज बुडवणाऱ्या पाणबुडीचे कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यांना. जहाज नागमोडी चालले असते तरी आपण ते बुडवलेच असते, असे हाशिमोतोंनी सांगितले. शिक्षा माफ झाली, पण ठपका राहिला. मेलेल्या खलाशांचे काही नातेवाईक मॅकव्हेंना वर्षानुवर्षे संतापाची पत्रे पाठवत राहिले, नाताळातसुद्धा. त्या आईबापांचे दुःख खरे होते, पत्ता मात्र चुकीचा होता. लेतेच्या फलकाला पत्र लिहिता येत नाही. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मॅकव्हे यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. वाचलेले खलाशी त्यांच्यासाठी भांडत होते. नव्वदच्या दशकात हंटर स्कॉट या शाळकरी मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी त्या खलाशांना प्रश्न पाठवायला सुरुवात केली आणि प्रकरणाला जोर आला. १९९९ साली हाशिमोतोंनी अमेरिकेच्या सिनेटमधील जॉन वॉर्नर यांना पत्र लिहून मॅकव्हे यांच्यावरचा ठपका दूर करावा अशी विनंती केली. ऑक्टोबर २००० मध्ये काँग्रेसचा तसा ठराव झाला. त्याच महिन्यात हाशिमोतो वारले. जुलै २००१ मध्ये नौदलाने मॅकव्हे यांच्या सेवापुस्तकात दुरुस्ती केली. जहाजाचे अवशेष सापडले ते ऑगस्ट २०१७ मध्ये, सुमारे साडेपाच हजार मीटर खोल पाण्यात.

येथपर्यंत वाचून झाल्यावर आमच्यापैकी एकीने वही मिटली आणि १९९८ सालची एक गोष्ट पुन्हा सांगितली. ती आम्हांला दोघांनाही पाठ आहे. आजवर ती हसत सांगितली जात असे.

बारावीनंतर ती भुसावळहून पुण्याला शिकायला आली. घरात फोन नव्हता. निघताना अप्पांनी स्वतःचा पत्ता लिहिलेली दहा पोस्टकार्डे तिच्या हाती दिली होती. पोचल्याबरोबर 'सुखरूप पोचले' एवढे लिहून पेटीत टाकायचे, बाकी काही लिहिले नाही तरी चालेल, असे त्यांनी बजावले होते. वसतिगृह, नव्या मैत्रिणी, पुण्याचा पाऊस, यांत कार्ड राहून गेले. पाचव्या दिवशी सकाळी पहारेकऱ्याने निरोप आणला की फाटकाशी कोणी गृहस्थ उभे आहेत. अप्पा होते. रात्रपाळी करून, कपडे न बदलता, तसेच गाडीत बसून आले होते. मैत्रिणी सज्जातून पाहत होत्या. तिला इतकी लाज वाटली की तिने त्यांना आत बसा असेही म्हटले नाही.

"अप्पा, असं अचानक? काय झालं?"

"काही नाही. कार्ड दिसलं नाही."

मग फाटकाजवळच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी बोटांवर हिशेब सांगितला. सोमवारी तू पोचलीस. मंगळवारी कार्ड पेटीत. त्या रात्री ते आमच्याच डब्यात चढणार. बुधवारी भुसावळ, फार तर गुरुवारची बटवड्याची फेरी. एक दिवस चुकीमाकीचा धरायचा, तो शुक्रवार. शुक्रवारचा बटवडा झाला आणि कार्ड आलं नाही, म्हणून रात्री निघालो. यात रागाचा सूर नव्हता. एखादी थैली कोठे अडकली असेल ते ते शोधत होते. ती मात्र रागावली. आपल्यावर एवढासुद्धा विश्वास नाही का, असे काहीतरी ती बोलली. अप्पांनी चहाचे पैसे दिले आणि दुपारच्या गाडीने ते परत गेले.

वाट पाहणे आणि अविश्वास दाखवणे यांतला फरक कळायला तिला इतकी वर्षे लागली, आणि तो कळला तेव्हा ते ऐकायला अप्पा नव्हते. आज आमची मुले पोचली की पडद्यावर खूण उमटते. रजिस्टर टपालही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. त्याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही, साधने बदलायचीच. पण चुकीमाकीचा एक दिवस धरून पाचव्या दिवशी उठून निघणारा माणूस कोणत्याही साधनात आपोआप असत नाही, हे आता जाणवते. लेतेला सर्व साधने होती.

ते पाकीट आम्ही पुन्हा त्याच्या जागी ठेवले. पोचेच्या रकान्यातली रेघ तशीच आहे. वहीच्या शेवटच्या पानात मात्र एक पोस्टकार्ड सापडले, तिच्याच वसतिगृहाच्या पत्त्याचे. ते तिने सुट्टीत घरी आणले असावे आणि अप्पांनी उचलून ठेवले असावे. त्यावर भुसावळचा शिक्का आहे आणि दुसरा पुण्याचा, तीन दिवसांनंतरचा. मजकूर अप्पांच्या टोकदार अक्षरात आहे.

"चि. बेबीस अनेक आशीर्वाद. मी रात्री सुखरूप पोचलो. काळजी नसावी. कळावे."